सैनिकी अकादमीत खेळाडू म्हणून जाताना: शारीरिक निकष आणि त्यांची तयारी

शाळेच्या संघात चार वर्षे चमकलेला जलतरणपटू दांड्याला लटकून चौथ्या पुल-अपलाच थांबतो, किंवा प्रतिस्पर्ध्यांची फळी एकट्याने अडवून धरणारा अमेरिकन फुटबॉलचा लाइनमन एक मैल धावताना निम्म्यातच चालू लागतो, हे दृश्य सैनिकी अकादमीच्या प्रवेशचाचणीत नवलाचे नाही. त्यात त्या खेळाडूची हयगय असते असे नाही. खेळ शरीराला एका विशिष्ट कामासाठी घडवतो, आणि अकादमी त्याच शरीराकडून दम, ताकद, चपळाई आणि स्वतःचे वजन पेलण्याची क्षमता या साऱ्यांचा हिशेब एकाच वेळी मागते. म्हणून खेळातील प्रावीण्य ही या चाचण्यांची तयारी आहे असे गृहीत धरू नये. ते केवळ तयारीचे चांगले भांडवल आहे.

हा लेख अमेरिकेतील तीन सैनिकी अकादम्यांविषयी आहे: वेस्ट पॉइंट येथील भूदलाची (स्थापना १८०२), अनॅपोलिस येथील नौदलाची (१८४५) आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळील हवाई दलाची (१९५४). तिघींचेही संघ महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये खेळतात. मात्र इतर विद्यापीठांप्रमाणे येथे खेळाची वेगळी शिष्यवृत्ती नसते, कारण प्रत्येक विद्यार्थ्याचा खर्च सरकारच करते आणि त्या बदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षांची सक्रिय सैनिकी सेवा अपेक्षित असते. वेस्ट पॉइंटमध्ये १९१९ ते १९२२ या काळात प्रमुख असलेल्या डग्लस मॅकआर्थर यांनी अकादमीअंतर्गत क्रीडास्पर्धा प्रत्येक कॅडेटला सक्तीच्या केल्या. आजही या अकादम्यांत कोणत्या ना कोणत्या स्तरावर खेळणे सर्वांनाच क्रमप्राप्त असते. त्यामुळे मुख्य संघातला खेळाडू आणि गणितात रमणारा विद्यार्थी हे दोघेही अखेर त्याच पट्टीने मोजले जातात.

पहिली पायरी: मोजमाप कुठे कुठे होणार, ते ओळखा

नव्या उमेदवारांचा सर्वांत मोठा घोटाळा असा होतो की ते प्रवेशचाचणीलाच सर्वस्व मानतात. प्रत्यक्षात मोजमापाचे टप्पे अनेक आहेत आणि त्यांचे स्वरूप एकसारखे नाही. अर्जाच्या वेळी उमेदवारांची शारीरिक क्षमता चाचणी होते आणि संरक्षण विभागाची वैद्यकीय तपासणी स्वतंत्रपणे होते. प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात काही आठवड्यांचे कठोर प्राथमिक प्रशिक्षण असते. त्यानंतर चारही वर्षे ठरावीक काळाने त्या त्या दलाच्या आणि अकादमीच्या स्वतःच्या चाचण्या होत राहतात, आणि उंचीच्या मानाने वजन व शरीरातील चरबी यांवरही लक्ष ठेवले जाते. एका टप्प्यासाठी कमावलेले शरीर दुसऱ्या टप्प्यात अपुरे पडू शकते, म्हणून चाचणीची तारीख गाठणे एवढेच ध्येय ठेवून केलेली तयारी पुढे कमी पडते.

वैद्यकीय तपासणीबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: जुनी दुखापत, शस्त्रक्रिया, दमा किंवा डोक्याला बसलेला मार लपवू नका. खेळाडूंच्या नोंदी शाळेकडे, प्रशिक्षकांकडे आणि डॉक्टरांकडे विखुरलेल्या असतात. त्या आधीच गोळा करून ठेवल्या तर अनेक शंकांचे निरसन कागदपत्रांवरच होते. काही अडचणींना विशेष सूट मिळू शकते, पण लपवलेली गोष्ट उघडकीस आली तर ती सचोटीचा प्रश्न बनते आणि तो शारीरिक प्रश्नापेक्षा फार जड असतो.

दुसरी पायरी: प्रवेशचाचणीचे सहा प्रकार समजून घ्या

उमेदवारांची ही चाचणी अनेक वर्षे सहा प्रकारांची राहिली आहे: गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकणे, पुल-अप्स, ४० यार्डांची शटल रन, सिट-अप्स, पुश-अप्स आणि एक मैल धावणे. हे सारे ठरलेल्या क्रमाने, थोड्या थोड्या विश्रांतीसह, सुमारे ४० मिनिटांत एकाच बैठकीत उरकायचे असते. चाचणी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, प्रशिक्षक किंवा सैन्याधिकारी घेऊ शकतात. नातेवाइकांना ती घेता येत नाही. आपण ज्या वर्षी अर्ज करतो त्या वर्षीच्या सूचना अकादमीच्या अधिकृत पानावरून उतरवून घ्याव्यात आणि चाचणी घेणाऱ्याला त्या आधी वाचायला द्याव्यात, कारण एखाद्या प्रकाराची पद्धत बदललेली असू शकते आणि चुकीच्या पद्धतीने काढलेल्या पुल-अप्स मोजल्याच जात नाहीत.

अंदाज यावा म्हणून या चाचणीत पूर्ण गुण देणारे जे आकडे दीर्घकाळ प्रचलित आहेत ते पाहू. बास्केटबॉल मुलांसाठी १०२ फूट (सुमारे ३१ मीटर) आणि मुलींसाठी ६६ फूट (सुमारे २० मीटर). मुलांसाठी १८ पुल-अप्स. शटल रन मुलांना ७.८ सेकंद, मुलींना ८.६ सेकंद, सिट-अप्स दोघांनाही ९५, पुश-अप्स मुलांना ७५, मुलींना ५०, आणि एक मैल मुलांना ५ मिनिटे २० सेकंदांत, मुलींना ६ मिनिटांत. ही कमाल मर्यादा आहे, उत्तीर्णतेची अट नव्हे, हे ध्यानात घ्या. सहाही प्रकारांत कमाल गाठणारे उमेदवार विरळाच असतात. निवडीत अभ्यास, नेतृत्व आणि शिफारशी यांच्यासोबत हे गुण पाहिले जातात. परंतु पाच प्रकारांत उत्तम आणि पुल-अप्समध्ये शून्य असा निकाल निवडसमितीच्या डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही.

यातील बास्केटबॉलची फेक बहुतेकांना किरकोळ वाटते आणि म्हणूनच ती महागात पडते. गुडघ्यांवर बसल्यामुळे पायांची ताकद बाद होते; चेंडू जातो तो धड आणि खांदा यांच्या पिळामुळे. बेसबॉल किंवा वॉटर पोलो खेळणाऱ्यांना ही हालचाल अंगवळणी असते, धावपटूंना ती शिकावी लागते. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी दहा-बारा फेकी, एवढ्या सरावानेही चेंडू सोडण्याचा कोन सुधारतो. मात्र खांदा गरम न करता पूर्ण जोराने फेक करू नये.

शटल रन ही वेगापेक्षा थांबण्याची परीक्षा आहे. तीस फुटांच्या अंतरात चार फेऱ्या आणि तीन वळणे असतात, त्यामुळे वेळ वाया जातो तो वळणांवर. कंबर खाली आणून, शेवटची दोन पावले आखूड टाकून थांबणे आणि डाव्या-उजव्या दोन्ही पायांवर वळता येणे, यांचा वेगळा सराव करावा.

तिसरी पायरी: दुबळी कडी शोधा आणि तिच्यावर वेळ खर्च करा

सराव सुरू करण्यापूर्वी पूर्ण चाचणी, त्याच क्रमाने आणि त्याच विश्रांतीसह, एकदा देऊन पाहा. सुटे सुटे आकडे फसवे असतात. ताज्या दमाने काढलेल्या ६० पुश-अप्स चाचणीच्या ओघात ४५ वर येतात. हाती आलेले आकडे कागदावर मांडले की आपल्या खेळाची सावली त्यांत स्पष्ट दिसते. लांब पल्ल्याच्या धावपटूचा मैल उत्तम असतो आणि फेक दुबळी. रोइंग करणाऱ्याचा दम आणि पाठ मजबूत असते, पण उंच आणि जड देहामुळे दांड्यावर स्वतःला उचलणे त्याला कठीण जाते. कुस्तीगीर पुल-अप्समध्ये सहसा उजवा ठरतो. ज्या प्रकारात आपण मुळातच चांगले आहोत त्याचा सराव करायला मनाला आवडते. मोह तोच टाळायचा आहे. १५ पुल-अप्सच्या १६ करण्यासाठी लागणारे कष्ट २ च्या ५ करण्यासाठी लागणाऱ्या कष्टांहून कमी नसतात, पण दुसऱ्या कष्टांचे मोल कितीतरी अधिक आहे.

पुल-अप्सविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण उमेदवार सर्वाधिक धास्ती त्यांचीच घेतात. तळवे समोरच्या दिशेला, दोन्ही हात पूर्ण सरळ, तेथून हनुवटी दांड्याच्या वर आणि पुन्हा हात पूर्ण सरळ, अशी एक पुल-अप मोजली जाते; पाय झाडून किंवा झोका घेऊन वर जाणे चालत नाही. ज्यांना एकही जमत नाही त्यांनी स्टुलावर उभे राहून हनुवटी दांड्यावर न्यावी आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली उतरावे. अशा पाच उतरण्या, दिवसाआड, तीन-चार आठवडे केल्या आणि जोडीला रबरी पट्ट्याच्या आधाराने पूर्ण हालचाल केली, तर पहिली पुल-अप सहसा साधते. ज्यांना सहा जमतात त्यांनी दर वेळी दमछाक होईपर्यंत लटकण्याऐवजी तीन-तीनचे पाच-सहा संच, आठवड्यातून चार दिवस करावेत. थकव्यात काढलेली वाकडीतिकडी पुल-अप कोपराला आणि खांद्याला दुखापत देते. अर्ध्या ताकदीने वारंवार केलेला शुद्ध सराव आकडा वाढवतो. ज्यांना वजन घटवण्यास वाव आहे त्यांच्यासाठी कमी झालेला प्रत्येक किलो दांड्यावर आणि धावण्यातही उपयोगी पडतो. मात्र हे वाक्य आधीच सडपातळ असलेल्या मुलामुलींनी स्वतःला लागू करून घेऊ नये.

मैलाच्या शर्यतीत गणित उपयोगी पडते. चारशे मीटरच्या धावपट्टीवर चार फेऱ्या झाल्या की १६०० मीटर होतात आणि मैलाला अजून ९ मीटर उरतात. ७ मिनिटांचे लक्ष्य असेल तर प्रत्येक फेरी साधारण १०४ सेकंदांत, ६ मिनिटांचे असेल तर ८९ सेकंदांत पडली पाहिजे. पहिली फेरी उत्साहात दहा सेकंद आधी संपवणारा तिसऱ्या फेरीत त्याची दुप्पट किंमत मोजतो. सरावात आठवड्यातून एकदा लक्ष्याच्या गतीने ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती घेऊन, एकदा वीसेक मिनिटांची जरा जोरकस धाव आणि एकदा गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीची लांब धाव, एवढे पुरते. धावणे ज्यांच्या खेळात नाही, त्यांनी हा भार हळूहळू चढवावा. पोहणाऱ्यांचे हृदय आणि फुप्फुसे तयार असतात, पण नडगीच्या हाडांना जमिनीचा मार सोसण्याची सवय नसते, आणि हाडे स्नायूंपेक्षा फार सावकाश जुळवून घेतात.

अधिकृत चाचणीपूर्वी बारा आठवडे हाती असावेत आणि त्या काळात किमान दोनदा पूर्ण रंगीत तालीम व्हावी. शेवटच्या आठवड्यात सरावाचे प्रमाण निम्म्यावर आणावे.

चौथी पायरी: पहिल्या उन्हाळ्याची तयारी वेगळी करा

प्रवेशपत्र हाती पडल्यावर अनेक खेळाडू शाळेचा शेवटचा हंगाम संपवून महिनाभर विसावा घेतात आणि जुलैच्या तोंडावर अकादमीत पोहोचतात. ही चूक जिव्हारी लागते. प्राथमिक प्रशिक्षणात पहाटेपासून रात्रीपर्यंत उभे राहणे, संचलन, बूट घालून चालणे, पाठीवर ओझे आणि तुटपुंजी झोप असते. स्नायूंचा थकवा दोन दिवसांत उतरतो; हाडांना पडलेल्या सूक्ष्म भेगा, ज्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, खेळाडूला आठवडेच्या आठवडे बाजूला बसवतात. त्यामुळे निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत आठवड्यातून दोनदा बूट घालून चालावे, आधी ओझ्याविना आणि मग थोडे थोडे ओझे घेऊन, आणि बूट पायांना सरावलेले असावेत.

वेस्ट पॉइंट आणि अनॅपोलिस येथे उन्हाळा दमट असतो. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, म्हणून वातानुकूलित व्यायामशाळेतच सराव करणाऱ्यांनी शेवटचे दोन आठवडे सकाळच्या उन्हात, पुरेसे पाणी आणि मीठ घेत, हलका व्यायाम करावा. हवाई दलाची अकादमी समुद्रसपाटीपासून ७,२५८ फुटांवर, म्हणजे सुमारे २,२०० मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब जवळजवळ पावपट कमी असतो. सखल प्रदेशातून आलेल्या धावपटूला पहिल्या दोन आठवड्यांत आपला दम हरवल्यासारखे वाटते. तो हरवलेला नसतो, तेव्हा जुन्या वेळा गाठण्याचा अट्टाहास त्या काळात करू नये. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असणाऱ्यांनी ही बाब अकादमीच्या डॉक्टरांना आणि प्रशिक्षकांना आवर्जून सांगावी, कारण उष्णता, उंची आणि अतिश्रम एकत्र आले तर त्यांच्या जिवावर बेतू शकते. डिव्हिजन वनच्या खेळाडूंची यासंबंधीची माहिती तपासली जाते. तीत लाजण्यासारखे काही नाही.

पाचवी पायरी: आत गेल्यावरच्या चाचण्या आपल्या हंगामाशी जुळवा

येथे प्रत्येक अकादमीची तऱ्हा निराळी आहे. भूदलाने १ जून २०२५ पासून पाच प्रकारांची नवी चाचणी लागू केली: तीन वेळा उचलायचे जड डेडलिफ्ट, हात जमिनीवरून सोडवून करायच्या पुश-अप्स, धावणे-ओढणे-वाहणे यांची २५० मीटरची मालिका, प्लँक (कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ रोखून धरणे) आणि दोन मैलांची धाव. प्रत्येक प्रकारात किमान ६० गुण हवेत, म्हणजे एका प्रकारातील शंभर गुण दुसऱ्यातील पन्नास गुणांना वाचवू शकत नाहीत. दुबळी कडी शोधण्याचा आग्रह मी वर का धरला, ते या नियमावरून उमगेल.

वेस्ट पॉइंटची खरी ओळख मात्र हेज व्यायामशाळेतील अडथळ्यांची चाचणी आहे. १९४४ पासून चालत आलेल्या या चाचणीत सरपटणे, उडी घेऊन फळीवर चढणे, टांगलेल्या टायरमधून आरपार जाणे, तोल सांभाळत दांडीवरून चालणे, आडव्या शिडीवरून हातांनी पुढे सरकणे, दोर चढणे आणि शेवटी वरच्या धावपट्टीवर पळणे असे एकूण ११ टप्पे आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी मुलांना ३ मिनिटे २८ सेकंद आणि मुलींना ५ मिनिटे २९ सेकंद अशी वेळ रूढ आहे. जिम्नॅस्ट आणि कुस्तीगीर येथे सहज तरून जातात. जड खेळाडूंचा घाम काढतात ती फळी आणि तो दोर. दोर चढताना पायांची पकड आली नाही तर दंडांची सारी ताकद तेथेच संपते, म्हणून पायांनी दोर अडकवण्याचे तंत्र पहिल्याच वर्षी शिकून घ्यावे.

नौदलाच्या अकादमीत दीड मैलाची धाव मुलांना १० मिनिटे ३० सेकंदांत आणि मुलींना १२ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण करण्याचा दंडक राहिला आहे. त्याखेरीज पोहण्याचे धडे सक्तीचे असतात आणि १० मीटर उंचीच्या मंचावरून पाण्यात उडी घ्यावी लागते. उत्तम धावपटू असलेल्या पण पाण्याला घाबरणाऱ्या उमेदवाराने प्रवेशाआधीच पोहायला शिकावे. हवाई दलाच्या अकादमीत पुल-अप्स, उभ्याने लांब उडी, सिट-अप्स, पुश-अप्स आणि ६०० यार्डांची धाव हे प्रकार पाठोपाठ होतात, आणि दीड मैलाची धाव वेगळी होते.

या तारखा आणि आपल्या खेळाचा हंगाम यांची टक्कर होऊ नये यासाठी सत्राच्या सुरुवातीलाच दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहावीत, आणि जिथे अडचण दिसेल तिथे संघाच्या प्रशिक्षकांशी व शारीरिक शिक्षण विभागाशी त्याच आठवड्यात बोलावे. संघाचा सराव अनेकदा चाचणीपुरता पुरेसा नसतो. हंगाम चालू असताना आठवड्यातून दोन छोट्या बैठकी, प्रत्येकी पंचवीस मिनिटांच्या, खेळात न येणाऱ्या हालचालींसाठी राखल्या की क्षमता टिकून राहते. ती वाढवण्याचे काम हंगाम संपल्यावर करावे. सामन्याच्या आदल्या दिवशी डेडलिफ्टचा नवा उच्चांक गाठायचा प्रयत्न करू नये, हे वेगळे सांगायला नको.

सहावी पायरी: वजन आणि उंची यांचा प्रश्न वेळेत हाताळा

उंचीनुसार वजनाचा तक्ता आणि तो ओलांडल्यास शरीरातील चरबीचे मोजमाप, ही सैन्याची दीर्घकाळची रीत खेळाडूंना सर्वाधिक खुपत आली आहे, कारण काही खेळांत मोठा देह हीच गरज असते. बास्केटबॉलपटू डेव्हिड रॉबिन्सन अनॅपोलिसमध्ये दाखल झाला तेव्हा त्याची उंची प्रवेशाच्या मर्यादेच्या, म्हणजे ६ फूट ६ इंचांच्या, आसपास होती; शिकत असतानाच तो ७ फुटांपलीकडे वाढला आणि जहाजावरील सेवेसाठी बसेनासा झाला. १९८७ मध्ये पदवी घेतल्यावर त्याने दोन वर्षे किनाऱ्यावर सेवा बजावली आणि मग तो व्यावसायिक बास्केटबॉलकडे वळला. उंचीवर कुणाचा इलाज नसतो. वजनावर असतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

फुटबॉलचा लाइनमन खेळत असेपर्यंत त्याचे वजन १३० किलोच्या घरात असू शकते. अधिकारी म्हणून नेमणूक होताना मात्र त्याला इतरांसारखेच निकष गाठावे लागतात. भूदल आणि नौदल यांच्या अकादम्यांचा फुटबॉलचा वार्षिक सामना डिसेंबरमध्ये होतो आणि पदवीदान मेच्या अखेरीस, म्हणजे हाताशी साधारण २२ आठवडे असतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो या सुरक्षित गतीने त्या अवधीत ११ ते २२ किलो उतरू शकतात. हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू केले तर ते शांतपणे पार पडते. एप्रिलमध्ये सुरू करणारे उपाशी राहतात, घाम काढून पाणी घटवतात आणि दोन मैलांच्या धावेत कोसळतात. भूक मोठ्या देहाची आणि सराव लहान झालेला, हा या काळातला खरा पेच असतो, म्हणून ताटातला भात, पाव आणि गोड पेये कमी करून प्रथिने व भाज्या तशाच ठेवाव्यात, आणि वजन उचलण्याचा सराव सोडू नये, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

याच्या उलट बाजूचा धोका लांब पल्ल्याच्या धावपटूंना आणि हलक्या वजनगटातील कुस्तीगीर व रोइंगपटूंना असतो. श्रमांच्या मानाने अन्न कमी पडत राहिले की शरीर हाडे आणि संप्रेरके यांच्यावरील खर्च कापू लागते. मुलींमध्ये मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही त्याची ठळक खूण आहे. मुलांमध्ये सततचा थकवा, चिडचिड आणि वारंवार होणारी हाडांची दुखणी दिसतात. पाळी थांबणे हे कसून सराव केल्याचे लक्षण आहे अशी समजूत अजूनही काही संघांत आढळते. ती चुकीची आणि घातक आहे. तीन महिने पाळी आली नाही, किंवा हाडावर एका ठिकाणी बोट ठेवताच कळ येऊ लागली, तर पुढच्या चाचणीची वाट न पाहता त्याच दिवशी अकादमीच्या दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना आपला खेळ, आठवड्याचे धावण्याचे अंतर आणि रोजचा आहार हे तिन्ही लिहून दाखवावे.